‘आलं रं’ जाताना वाजवत नाहीत

सातारच्या पोवई नाक्याच्या वरच्या अंगाला कॉफीची एक नवी जागा झाली आहे. माझी लेक मुक्ता पुण्याहून आली की मला तिथं ओढून नेते. "घरात बसून बसून म्हातारी होशील आई," असं म्हणते. बासष्टाव्या वर्षी हे ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी जाते. खुर्च्या इतक्या उंच की पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि कॉफी येईपर्यंत घरी ह्यांच्या दुपारच्या चहाची वेळ टळते. अलीकडे मी सगळ्यालाच दमते. माणसं भेटली तरी दमते, नाही भेटली तरी दमते. मुक्ताला हे सांगितलं तर ती लगेच रक्त तपासायला नेईल, म्हणून सांगत नाही.

त्या दिवशी तिथल्या स्पीकरवर एक इंग्रजी गाणं लागलं. सुरुवातीला नुसती गिटार, खरखरीत आणि घाईत असलेली. माझं लक्ष नव्हतं. मग एक पुरुष काहीबाही सांगू लागला, तोही अनोळखी. आणि मग एकदम ढोल आला, पाठोपाठ पाचसहा गळे एका दमात ओरडले, आणि माझ्या हातातला चमचा बशीत पडला.

"आलं रं," मी म्हणाले.

"काय आलं?" मुक्तानं मागं वळून पाहिलं.

"अगं, हे गाणं. हे आबांचं गाणं आहे."

शेजारच्या टेबलाशी कॉलेजातल्या चार मुली बसल्या होत्या. चौघींची डोकी मोबाइलमध्ये होती, एकमेकींशीही बोलत नव्हत्या. पण टेबलाखाली त्यांचे पाय ताल धरत होते. त्यांच्या आज्यासुद्धा पोरी असतील तेव्हाचं ते गाणं. साहेबांच्या देशातून निघालेलं, रॉक अँड रोल का काय म्हणतात त्यातलं, अगदी पहिल्यापहिल्यांपैकी. मी खुर्चीतून खाली उतरले आणि उभी राहूनच ते संपेपर्यंत ऐकलं. सगळं मिळून अडीच मिनिटांचं असेल नसेल.

आबा म्हणजे माझे वडील. अठराव्या वर्षी फौजेत गेले ते बँडमध्ये. आमच्याकडं इस्लामपूरच्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत असतो, पण बंदुकीऐवजी क्लॅरिनेट घेऊन परत आलेले तेवढे आमचे आबाच. पंधरा वर्षं त्यांनी सकाळी परेडला कूच वाजवलं आणि संध्याकाळी साहेबांच्या मेसमध्ये नाचाची गाणी वाजवली. नाचणाऱ्या मडमांकडं बघायचं नाही असा हुकूम होता, म्हणून सगळा बँड समोरच्या कागदात डोळे घालून वाजवायचा. गाण्याला शब्द असतात ह्याच्याशी त्यांचा संबंधच नव्हता. रिटायर होताना मेसच्या हवालदारानं त्यांना एक तबकडी दिली. लाखेची, जाड, काळीशार. तिची कड दीड बोट तुटलेली होती, म्हणून ती टाकून देणार होते. आबांनी ती ट्रंकेत दोन कांबळ्यांच्या मध्ये ठेवून गावाला आणली.

गावात आल्यावर दोन एकर ऊस आणि पेन्शन एवढ्यात त्यांचं मन रमेना. वर्षभरात त्यांनी सहा माणसं जमवून बँड उभा केला. ढोल शिदूअण्णांकडं. शिदूअण्णा आमचे शेजारी, अंगानं ढोलाएवढेच आणि आवाजानं त्याहून मोठे. तालीम आमच्या गोठ्यात चाले. म्हशींचं शेण, वैरण, चिंच आणि राख लावून घासलेलं पितळ, आणि आबांच्या तोंडात भिजत असलेली क्लॅरिनेटची वेताची पत्ती, ह्या सगळ्यांचा मिळून एक वास होता. लाल कोट डांबरगोळ्यांत ठेवलेले असत. लगीनसराई आली की आई ते वाळत घाले आणि आमचं अंगण लांबून पेटल्यासारखं दिसे.

तबकडी वाजवायची तर इस्लामपूरच्या स्पीकरवाल्याचं यंत्र मागून आणावं लागायचं. कड तुटलेली असल्यामुळं पिन तुटक्या भागाच्या आत ठेवायची. त्यामुळं आमच्या गावात ते गाणं कधीच सुरुवातीपासून वाजलं नाही. ते मधूनच सुरू व्हायचं, थेट त्या ओरडण्यापासून. गाणारा माणूस तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलत होता. आबांना त्यातलं 'ऑल राइट' तेवढं ओळखू आलं. फौजेत रोज ऐकलेलं होतं ना. पण शिदूअण्णांनी पहिल्यांदा ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"आवं, ह्यो तर मराठीत वरडतुया! आलं रं, आलं रं म्हंतोय की!"

तेव्हापासून ते गाणं 'आलं रं' झालं.

मी सातवीची परीक्षा देऊन मोकळी होते. पाचवीला इंग्रजी सुरू झालेलं, म्हणजे तीन वर्षांची माझी पुंजी. पण आबांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी इंग्रजी फाडफाड बोलती. एका दुपारी गोठ्यातून हाक आली. सहाही जण घोंगडीवर बसलेले, मध्ये स्पीकरवाल्याचं यंत्र.

"पोरी, ह्ये गाणं काय म्हंतंय त्ये सांग जरा," आबा म्हणाले. "वाजवतूय तर खरं, पर कुटं वाजवायचं त्येच कळंना. लग्नात चालंल, का कुणी गेल्यावर वाजवायचं आसतंय?"

मी ऐकलं. परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. म्हशी रवंथ करत होत्या आणि सहा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मला एवढ्या गाण्यातले दोन शब्द कळले. एक 'मदर' आणि एक 'डोअर'. येत नाही असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण आबांची मान खाली गेली असती, आणि ती मला बघवली नसती. शिवाय खरं सांगायचं तर शिष्टपणाही होता.

"एक माणूस लई लांब गेलेला असतो," मी सांगायला लागले. "तो घरी येतो. आई दारात उभी असते. ती म्हणते, बरा हाईस का? तो म्हणतो, ऑल राइट."

"म्हंजे आलं रंच की!" शिदूअण्णा गर्जले. "मी काय म्हनलं हुतं!"

आबांनी तोंडातली पत्ती काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत तोंडात घातली. पंधरा वर्षांनी ट्रंक घेऊन ते गावात आले तेव्हा त्यांची आई, माझी आजी, दारात होती. मी तेव्हा लहान होते, मला ते नीट आठवत नाही. अर्थ रचताना माझ्या डोक्यात त्यातलं काहीही नव्हतं. पण आबांना वाटलं की गाण्यातच ते आहे.

"व्हय," ते म्हणाले. "आसंच आसतंय." आणि पुढं सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "मग ह्ये कुणी आल्यावरच वाजवायचं. कुणी जाताना न्हाई. ध्यानात ठेवा."

अशी त्या गाण्याला शिस्त लागली. फौजेतल्या माणसानं लावलेली शिस्त, ती मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

नवी सून वेशीत आली की 'आलं रं'. रजेवर आलेला जवान एसटीतून उतरला की 'आलं रं'. गावात पहिल्यांदा एसटी आली तेव्हा ड्रायव्हरला हार घालून 'आलं रं' वाजवलं आणि तो बिचारा स्टिअरिंगवरच बोटं नाचवत बसला. नदीचं पाणी पाइपातून वरच्या रानात पोचलं त्या दिवशी तर कमालच झाली. आधी पाइपातून हवा आली, मग चिखल, मग बेडूक, आणि मग पाणी. बँड सरीत उभा राहून वाजवत होता, सहाही जण पोटऱ्यांपर्यंत भिजलेले, आणि म्हाताऱ्या बायका नऊवारी वर खोचून त्या पाण्यात नाचत होत्या. त्या बायकांना साहेबांचा देश कुठं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी बांधावर उभी होते. माझ्या थापेवर सगळं गाव नाचतंय हे फक्त मला माहीत होतं, आणि मला फार आनंद होत होता.

त्या गाण्यात असं काय होतं, असं मी एकदा आबांना विचारलं होतं. आमच्याकडं इतर गाणी यायची आणि दोन वर्षांत शिळी व्हायची, हे मात्र होत नव्हतं. आबा म्हणाले, "ह्यात ढोल फुडं बी पळत न्हाई, मागं बी ऱ्हात न्हाई. मानसाच्या पायाला इचारून वाजतुया." ह्याहून चांगलं उत्तर मला पुढं कुठं मिळालं नाही. कॉफीच्या दुकानात त्या चार मुलींचे पाय बघताना मला तेच आठवलं.

गणपती आणताना 'आलं रं' वाजे, विसर्जनाला नाही. एका वर्षी तरुण मंडळी हट्टाला पेटली. विसर्जनाची मिरवणूक फार सुस्त चालली आहे, एकदा 'आलं रं' होऊ द्या, म्हणून आबांना घेराव घातला. आबांनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून पेटीत ठेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. "द्येव चाललाय, आन् तुमी आलं रं वाजवा म्हंता? लाज वाटती का?" पोरं मागं सरली. मीही त्या गर्दीत होते आणि मनातून खूश होते. आपण लावलेलं झाड केवढं झालं असं वाटत होतं.

त्याचं फळ मला माझ्या लग्नात मिळालं.

मला सातारला दिली. लग्न आमच्या दारात झालं. वैशाख, उन्हानं मांडवाचं कापड तापलेलं, पंगतीतल्या मठ्ठ्याचा आणि अंगावरच्या हळदीचा वास. बँड अर्थात घरचाच. नवरदेव आले तेव्हा 'आलं रं' असं काही वाजलं की माझे सासरे, सातारचे शांत सरकारी गृहस्थ, टोपी सावरत राहिले. मी आत बसून ऐकत होते. ते त्यांचं येणं होतं. माझं काही येणं नव्हतं, मी तिथलीच होते.

संध्याकाळी पाठवणी. जीप चिंचेखाली उभी. आई रडत होती, धाकटा भाऊ संभा, तेव्हा बिनलग्नाचा, जीपच्या टपावर माझी ट्रंक बांधत होता. बँड ओळीत उभा राहिला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी आबांपाशी गेले आणि म्हणाले, "आबा, आलं रं वाजवा की."

"खुळी का काय तू?" आबांचे डोळे लाल होते, पण आवाज बँडमास्तरचा होता. "जाताना आलं रं कसं वाजवू? तूच सांगितलंस न्हवं त्येचा आर्थ?"

एका वाक्याचं काम होतं. आबा, मी तो अर्थ मनानं रचला होता, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर सहा माणसं होती, मागं सगळं गाव होतं, शेजारी सातारची मंडळी होती. शिदूअण्णा ढोलावर हात ठेवून माझ्याकडं बघत होते. मी ते वाक्य गिळलं आणि जीपमध्ये बसले. बँडनं दुसरं काहीतरी वाजवलं, सावकाश, रडवणारं. काय वाजवलं ते मला खरंच आठवत नाही. सातारला पोचलो तर तिथं ना बँड ना काही. सासूबाईंनी माप ओलांडायला लावलं आणि म्हणाल्या, दमली असशील, आत ये. म्हणजे माझं जाणंही त्या गाण्यावर झालं नाही आणि येणंही नाही. ही काही रडण्यासारखी गोष्ट नाही, हे मला कळतं. पण चाळीस वर्षं ती माझ्या मनात राहिली, आणि दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं.

पुढं सगळ्यांचं होतं तेच झालं. गावात मोठाले स्पीकर रचलेले ट्रॅक्टर आले. त्यांच्या आवाजानं घरातली भांडी फळीवरून खाली येतात. बँडची माणसं एकेक करत गेली. शिदूअण्णा गेले. ढोल संभानं गावातल्या कुस्तीच्या तालमीला देऊन टाकला. आबांचे दात पडले, आणि दात गेले की क्लॅरिनेट वाजत नाही, पत्ती धरायला खालून आधार लागतो. आता त्यांना अठ्ठ्याऐंशी सरून एकोणनव्वद लागलं आहे. मी दर पंधरा दिवसांनी जाते, दोन दिवस राहते, संभाच्या बायकोला, वहिनींना, तेवढीच मोकळीक. गेल्या वर्षभरात आबा जेवताखाता एकच सांगतात. "मला न्याला चार मानसं येतील तवा त्ये आलं रं वाजवू नगासा. त्ये येनाऱ्याचं हाय." संभा म्हणतो, "न्हाई वाजवत आबा, जेवा आता." माझा घास तोंडातच फिरतो.

म्हणून त्या दिवशी कॉफीच्या दुकानात मी मुक्ताला म्हणाले, "ह्याचे शब्द सापडतील का गं?"

तिला अर्धा मिनिटही लागलं नाही. पन्नास वर्षं ज्याला मी भीत होते ते तिच्या मोबाइलमध्ये होतं. तिनं वाचलं आणि ती हसली. "अगं, हे तर घर सोडून जायचं गाणं आहे. तो पोरगा बॅग भरून निघालाय. आई दारात उभी आहे. तिला तो सारखा सांगतोय, काळजी करू नको, सगळं ठीक होईल, ऑल राइट. सुरुवातीलाच तर आहे की, मी निघालो म्हणून."

सुरुवातीलाच. तबकडीची तुटलेली दीड बोट कड.

आई तीच होती, दार तेच होतं. मी फक्त माणसाचं तोंड फिरवलं होतं. म्हणजे ते गाणं त्या चिंचेखाली उभ्या असलेल्या माझ्यासाठीच होतं, आणि मीच ते बंद करून ठेवलं होतं. मुक्ता विचारत होती, काय झालं, बरं नाही वाटत का. मी म्हणाले, चहाची वेळ झाली, चल.

चार दिवसांनी गावी गेले. गळिताचे दिवस. कराडच्या पुढं रस्त्याचं काम, पेठ नाक्यापासून उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं एसटी रांगत चाललेली. इस्लामपुरात उतरून वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये कोंबून बसले. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला की मला गाव आलं असं वाटतं. इतर लोक नाकाला रुमाल लावतात. मी वाटेत वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं. खरं सांगून काय मिळवायचं? ज्या माणसाजवळ आता ह्या एका गाण्याशिवाय अभिमानाचं काही उरलं नाही, त्याच्या हातातून तेही काढून घ्यायचं? आणि नाही सांगितलं तर ते जातील तेव्हा मी कशी उभी राहणार? ह्या विचारानंच मी जास्त दमले होते, प्रवासानं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आबा ओट्यावर उन्हात बसले होते. कानातलं यंत्र नेहमीप्रमाणं खिशात. मी शेजारी बसले.

"आबा, एक सांगायचं हुतं." आबांशी बोलताना माझी जीभ आपोआप तिकडं वळते.

"आं?"

"आलं रंचं सांगायचं हाय."

"पान्याचं? पानी आलं व्हय?"

मी आवाज चढवला. आणखी चढवला. पन्नास वर्षं जे कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं ते मी भर दुपारी, भर गल्लीत, ओरडून सांगितलं. "आबा! त्या गाण्याचा आर्थ मी खोटा सांगितला हुता! मला काय बी कळलं न्हवतं! त्ये यायचं न्हाई, त्ये जायचं गानं हाय! पोरगं घर सोडून चाललंय!"

समोरच्या घरातली बाई धुणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. वहिनी दारात आल्या. आबांनी हळूच खिशातून यंत्र काढलं, कानात बसवलं, आणि म्हणाले, "आता बोल सावकाश. मगाचपासनं काय वरडतीयास?"

मग मी सावकाश सांगितलं. सगळं सांगितलं, मदर, डोअर, म्हशी, शिष्टपणा. मोबाइल त्यांच्या कानाशी धरून गाणं सुरुवातीपासून लावलं. ती एकटी गिटार सुरू झाली तसे त्यांचे डोळे बारीक झाले. "ह्ये तोंड हुतं व्हय त्येला," ते पुटपुटले. "मेसमदी वाजवायचो आमी. पार इसरून गेलो." गाणं संपलं. मी त्यांच्या हाताकडं बघत बसले, शिरा फुगलेल्या, नखं पिवळी. मी थोडी मागं सरकले. ह्या वयात बापाचा मार बसणार नाही हे माहीत असूनही.

"किती सुना आल्या गं त्या गान्यावर ह्या गावात?" त्यांनी विचारलं.

"लई आल्या आबा."

"मग आता त्यांस्नी म्हायेरी लावून देऊ का? आर्थ चुकला हुता म्हनून?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं, दोन्ही थांबेनात. आबा माझ्याकडं बघत होते, गोठ्यात बघत होते तसे.

"आन् चुकला कुटं म्हन्तो मी," ते म्हणाले. "आपल्यात मानूस घरातनं निगालं की काय म्हंतंय? जातो म्हंतंय? येतो म्हंतंय. ऱ्हानारं बी त्येला जा म्हनत न्हाई. मग त्यो सायबाचा पोरगा दारात हुबा ऱ्हाऊन आलं रं म्हनला, तर त्यात खोटं काय झालं?" मग डोळे मिचकावून म्हणाले, "माजी बी सोय झाली. संभाला सांग. आता वाजवा म्हनावं, काय हरकत न्हाई."

"आबा, आसं बोलू नगा."

पण ते आता हसत नव्हते. काठी आडवी मांडीवर घेऊन बसले होते. चिंच होती तिथं आता संभाची मोटरसायकल उभी असते. आबा तिकडं बघत होते.

"तू मागितलं हुतंस," ते म्हणाले. "जीपपाशी. मी न्हाई म्हनलो."

मला वाटलं होतं ते त्यांना आठवत नसेल.

"लई लागलं आसंल तुला."

"लागलं आबा," मी म्हणाले. "लई लागलं." चाळीस वर्षांत हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. ह्यांच्याजवळही नाही.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि उन्हातच डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. साडेतीनची वडापची जीप कोपऱ्यावर येऊन उभी होती. वहिनींनी पिशवीत शेंगा भरल्या आणि कुंकू लावायला कोयरी घेऊन आल्या. मी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "येते आबा," म्हणून वळले तर मागून काठी आपटली.

"थांब. हलू नगं तितनं."

आबा ओट्यावर उठून उभे राहिले. एक हात खांबाला लावून त्यांनी तोल सावरला, पाठ ताठ केली, टाचा जुळवल्या. मग काठी दोन्ही हातांत तिरकी धरली, वरचं टोक बिनदाताच्या तोंडाशी नेलं आणि गाल भरले. बोटं हलायला लागली. लहानपणी मी त्यांची बोटं बघून गाणी ओळखत असे. आधी नुसता वरचा हात चालला, खालचा तसाच थांबलेला. मला कळलं. ती सुरुवात होती, तुटलेल्या कडेतली, आमच्या गावात कधी न वाजलेली. मग खालची बोटंही आली, आणि उजवा पाय जमिनीवर पडू लागला, पुढं नाही की मागं नाही. आवाज म्हणाल तर फक्त श्वासाचा, आणि पायाचा.

मी पिशवी हातात घेऊन अंगणात उभी होते. वहिनी कोयरी घेऊन उंबऱ्यातच थांबल्या. कोपऱ्यावर जीपवाल्यानं हॉर्न दिला, मग काय बघितलं कुणास ठाऊक, परत दिला नाही. अडीच मिनिटं. आबांनी एक सूर गाळला नाही.

संपल्यावर त्यांनी काठी खाली टेकवली. धाप लागली होती. कपाळावरचा घाम त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि मला म्हणाले, "हां. आता ये, पोरी."